पॉवर बीआयचा वेब कनेक्टर: बाजार समित्यांचे भाव रोज अहवालात आणायला कितपत भरवशाचा?

लासलगावचा कांदा, लातूरची तूर, अकोल्याचं सोयाबीन. यांचे भाव रोज लागणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या, डाळमिल, प्रक्रिया उद्योग आणि गोदामं राज्यात भरपूर आहेत. त्यातल्या कितीतरी ठिकाणी अजूनही एक माणूस सकाळी सरकारी संकेतस्थळ उघडतो, तक्ता निवडून कॉपी करतो आणि एक्सेलमध्ये चिकटवतो. तो रजेवर गेला की त्या दिवसाची ओळ कोरी राहते. हे काम एपीआयवर, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडून थेट माहिती मागवण्याच्या सोयीवर, सोपवता येतं. त्यासाठी सगळ्यात सहज हाताशी येणारं साधन म्हणजे पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या साधनातला वेब कनेक्टर (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून डेटा आणणारी जोडणी). त्याचं हे परीक्षण एका ठरावीक कामाच्या संदर्भात आहे: डेटा डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या खुल्या डेटा मंचावरचे बाजारभाव रोज आपोआप अहवालात आले पाहिजेत.

आधी निष्कर्ष. कनेक्टर चांगला आहे आणि या कामासाठी वापरावा. पण त्याच्या खिडकीत पत्ता चिकटवून जी क्वेरी (डेटा मागवणारं सूत्र) तयार होते ती तशीच ठेवू नये, आणि भावांचा इतिहास पॉवर बीआयच्या पोटात साठवू नये. या दोन चुका टाळल्या तर अहवाल महिनोन्‌महिने हात न लावता चालतो.

स्रोत कसा आहे

हा मंच २०१२ सालच्या राष्ट्रीय डेटा धोरणातून उभा राहिला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, तो चालवते. नोंदणी मोफत आहे. लॉगिन केल्यावर स्वतःच्या खात्याच्या पानावर एपीआय की, म्हणजे मागणी करणाऱ्याची ओळख पटवणारी अक्षरांची साखळी, मिळते. प्रत्येक डेटासंचाच्या पानावर एक नमुना की सुद्धा दिलेली असते, पण तिच्यावर एका मागणीत फक्त १० नोंदी मिळतात. ‘एपीआय अर्धवट डेटा देते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते: नमुना की वापरात राहिलेली असते.

आपल्या कामाचा संच आहे विविध बाजारांतल्या शेतमालाच्या चालू दैनिक भावांचा. मूळ माहिती कृषी मंत्रालयाच्या ॲगमार्कनेटवरून येते. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि तीन भाव असतात: किमान, कमाल आणि मोडल, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्वसाधारण दर म्हणतात तो. भाव रुपये प्रति क्विंटल. उत्तर जेसन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही या तीनपैकी कोणत्याही स्वरूपात मागता येतं. जेसनच घ्यावं. सीएसव्हीत स्तंभांच्या नावांमधल्या रिकाम्या जागी ‘एक्स००२०’ असा कचरा येतो आणि मग प्रत्येक स्तंभाचं नाव हाताने दुरुस्त करावं लागतं. शिवाय जेसनमध्ये नोंदींच्या आधी एकूण संख्या, या पानावरची संख्या, स्थिती आणि शेवटचं अद्यतन हे सगळं मिळतं, आणि तेच पुढे तपासणीला कामी येतं.

या संचाची सगळ्यात मोठी उणीव आधीच समजून घ्यावी: यात भाव आहे, आवक नाही. किती क्विंटल माल आला हे माहीत नसेल तर भारित सरासरी काढता येत नाही. पाच क्विंटल आलेल्या उपबाजाराचा भाव आणि पंधरा हजार क्विंटल आलेल्या मुख्य बाजाराचा भाव सरासरीत एकाच मापाने तोलले जातात. त्यामुळे ‘आजचा महाराष्ट्राचा कांदा भाव’ असा एकच मोठा आकडा अहवालाच्या डोक्यावर लावणं चूक आहे. मध्यक (क्रमाने लावलेल्या भावांतला मधला) दाखवावा, किमान-कमालचा पट्टा दाखवावा, किंवा सरळ चार-पाच मुख्य बाजार वेगवेगळे दाखवावेत. आवक हवीच असेल तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर ती भावासोबत दिसते, पण ती पानावरून उचलावी लागते आणि ते काम वेगळं आहे.

दुसरी उणीव: हा संच चालू दिवसाचा आहे. आजचे भाव आले की कालचे तिथे राहत नाहीत. याच मंचावर वाणनिहाय दैनिक भावांचा दुसरा, जुन्या तारखांचा संच आहे. मागचा इतिहास एकदा भरून घ्यायला तो वापरावा. मात्र दोन संचांत स्तंभांच्या नावांचं लिखाण सारखं नाही, एकात सगळी अक्षरं लहान तर दुसऱ्यात पहिलं अक्षर मोठं. पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयमधलं डेटा आणून साफ करणारं इंजिन, लहान-मोठ्या अक्षरांत फरक करते. दोन्ही तक्ते एकाखाली एक जोडण्याआधी नावं एकसारखी केली नाहीत तर दहाऐवजी वीस स्तंभ तयार होतात, अर्धे रिकामे.

जोडणी: खिडकी जे करते आणि जे करायला हवं

पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे संगणकावर बसवायचं ॲप, उघडा, ‘गेट डेटा’मधून ‘वेब’ निवडा, पूर्ण पत्ता चिकटवा. अर्ध्या मिनिटात तक्ता समोर येतो. पाहून समाधान वाटतं, पण क्वेरीचा पहिला टप्पा उघडून बघा. तिथे पत्ता, की, फिल्टर आणि मर्यादा सगळं एकाच लांब मजकुरात कोंबलेलं असतं. म्हणजे ती फाइल ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातात कीही जाते. की पॅरामीटरमध्ये ठेवली तरी फरक पडत नाही, कारण पॅरामीटरही फाइलमध्ये उघडाच असतो.

कनेक्टरचं खरं बळ ‘वेब डॉट कंटेंट्स’ या फंक्शनच्या पर्यायांत आहे आणि खिडकी ते दाखवत नाही. प्रगत संपादकात जाऊन स्वतः लिहावं लागतं (अर्थात रोमन लिपीत). रचना अशी ठेवावी: पहिल्या जागी फक्त मूळ पत्ता, म्हणजे एपीआय डॉट डेटा डॉट गव्ह डॉट इन, तोही साधा स्थिर मजकूर म्हणून. संचाचा लांबलचक ओळखक्रमांक ‘रिलेटिव्ह पाथ’ या पर्यायात. स्वरूप, ऑफसेट (किती नोंदी सोडून सुरू करायचं), मर्यादा (एका मागणीत किती नोंदी) आणि फिल्टर ‘क्वेरी’ या पर्यायात, रेकॉर्ड, म्हणजे नाव-मूल्य अशा जोड्या, म्हणून. आणि कीसाठी ‘एपीआय की नेम’ हा पर्याय: त्यात खुद्द की लिहायची नाही, फक्त मागणीत तिचं जे नाव लागतं ते लिहायचं, ‘एपीआय-की’. मग पॉवर बीआय ओळखपत्रांची खिडकी उघडतं, तिथे ‘वेब एपीआय’ निवडून की भरायची आणि पातळी म्हणून मूळ पत्ताच निवडायचा. आता की फाइलमध्ये लिहिली जात नाही, त्या संगणकाच्या किंवा सर्व्हिसच्या (पॉवर बीआयचा ऑनलाइन भाग, जिथे अहवाल प्रकाशित होतो) ओळखपत्रांत राहते.

हा पर्याय फक्त पत्त्याच्या शेपटीत की घेणाऱ्या एपीआयसाठी चालतो. की हेडरमध्ये, म्हणजे पत्त्याबाहेर मागणीसोबत जाणाऱ्या माहितीत, मागणाऱ्या सेवांना तो लागू पडत नाही. तिथे अनामिक जोडणी करून हेडर सूत्रात लिहावा लागतो आणि की पुन्हा उघडी पडते. इतक्या वर्षांत मायक्रोसॉफ्टने ही जागा भरायला हवी होती. हेडरमध्ये की घेणं हीच आता सर्वसाधारण पद्धत आहे.

या रचनेत तीन ठिकाणी हमखास अडखळायला होतं.

‘क्वेरी’ रेकॉर्डमधलं प्रत्येक मूल्य मजकूरच असलं पाहिजे. मर्यादा १००० अशी संख्या म्हणून दिली की मजकुरात रूपांतर करता येत नाही अशी चूक येते. अवतरणात लिहा किंवा ‘नंबर डॉट टू टेक्स्ट’ वापरा.

फिल्टरच्या नावात चौकोनी कंस आणि टिंब असतात, आणि चौकोनी कंस ही पॉवर क्वेरीची स्वतःचीही खूण आहे. म्हणून ते संपूर्ण नाव हॅश चिन्ह आणि दुहेरी अवतरणात गुंडाळावं लागतं. हे न कळल्यामुळे बरेच जण फिल्टर सोडून देतात आणि सगळ्या देशाचा डेटा ओढून नंतर महाराष्ट्र गाळतात. चालतं, पण पानांची संख्या आणि वेळ उगाच वाढतो.

आणि राज्याच्या फिल्टरच्या नावाला ‘कीवर्ड’ हे शेपूट असतं. त्याचा अर्थ तंतोतंत जुळणी: महाराष्ट्राचं पहिलं अक्षर मोठं, शेवटी रिकामी जागा नाही. शेतमालाचं नावही जसं संचात आहे तसंच द्यायचं. सोयाबीनच्या स्पेलिंगमध्ये ‘सोया’ पूर्ण लिहिलेलं आहे, तुरीचं नाव अरहरपासून सुरू होऊन कंसात आणखी दोन नावं घेऊन येतं, हरभरा बंगाल ग्रॅम म्हणून आहे. चुकीच्या नावाला एपीआय चूक म्हणत नाही, शून्य नोंदी देते. शून्य आल्यावर बाजार बंद होता असं समजण्याआधी स्पेलिंग तपासा.

पानं उलटणं

एका मागणीत सगळं मिळेल असं गृहीत धरू नये. पहिली मागणी मर्यादा १ ठेवून करायची आणि उत्तरातली एकूण संख्या वाचायची. ती १००० ने भागून वर पूर्णांक करायची, तेवढे ऑफसेट ‘लिस्ट डॉट नंबर्स’ने तयार करायचे: ०, १०००, २००० असे. प्रत्येक ऑफसेटसाठी वरचं फंक्शन बोलवायचं, मिळालेल्या याद्या जोडायच्या आणि ‘टेबल डॉट फ्रॉम रेकॉर्ड्स’ने तक्ता करायचा. या शेवटच्या फंक्शनला स्तंभांची यादी आणि ‘मिसिंग फील्ड डॉट यूज नल’ द्यायला विसरू नका. एखाद्या नोंदीत प्रतच नसेल तर त्या एका नोंदीपायी अख्खा तक्ता कोसळतो. बटण दाबून स्तंभ उलगडले तर ती अडचण येत नाही, पण तिथे स्तंभांची नावं त्या क्षणी दिसलेल्या नोंदींवरून पक्की होतात आणि पुढे नवा स्तंभ आला तरी तो दिसत नाही.

१००० मागितल्या म्हणून १००० मिळतीलच असं नाही. उत्तरात या पानावरची संख्या दिलेली असते. पहिल्या पूर्ण पानावर ती मागणीपेक्षा कमी आणि एकूण त्याहून जास्त असेल तर सर्व्हरने आपली मर्यादा लावली आहे. तेव्हा पायरी त्या संख्येची घ्यायची. शेवटी तक्त्यातल्या ओळी आणि एकूण संख्या जुळतात का हे एका छोट्या क्वेरीत तपासून तो आकडा अहवालाच्या कोपऱ्यात दाखवावा.

दिवसभर बाजारांची भर पडत असते. पहिलं पान आणि तिसरं पान यांच्यामध्ये नव्या नोंदी आल्या तर ओळी सरकतात, एखादी दोनदा येते, एखादी निसटते. म्हणून राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत आणि तारीख या सात स्तंभांवर दुबार नोंदी काढाव्यात. फक्त महाराष्ट्राचा फिल्टर लावला की पानं एक-दोनच उरतात आणि हा धोका जवळपास संपतो. फिल्टर स्रोताकडेच लावण्याचा खरा फायदा हा आहे.

प्रकार, तारखा आणि शून्य

तारीख दिवस/महिना/वर्ष अशी मजकूर म्हणून येते. कार्यालयातले बरेच लॅपटॉप अमेरिकी इंग्रजीवर असतात. तिथे साधा ‘डेट’ प्रकार दिला की ०३/०७ म्हणजे ३ जुलै ऐवजी ७ मार्च होतो, कुठलीही चूक न दाखवता. १३ तारखेपासून पुढे चुका दिसायला लागतात आणि मग लक्षात येतं, तोवर बारा दिवसांचे भाव भलत्या महिन्यांत जाऊन बसलेले असतात. स्तंभाचा प्रकार बदलताना ‘यूझिंग लोकेल’ घेऊन इंग्लिश (इंडिया) निवडा. हा टप्पा सूत्रात लिहिला जातो, त्यामुळे फाइल कुठेही उघडली तरी अर्थ बदलत नाही.

तिन्ही भावांना संख्या प्रकार स्वतः द्यावा, आलेल्या प्रकारावर विसंबू नये. त्यानंतर एक तपासणी स्तंभ घाला: किमान ≤ सर्वसाधारण ≤ कमाल. जी ओळ हे पाळत नाही तिला खूण करा, पुसू नका. भाव शून्य असेल तर तो भाव नाही, नोंद नाही असं समजून ‘नल’ (रिकामं) करा, नाहीतर सरासरी खाली ओढली जाते. क्विंटलऐवजी किलोचा भाव भरलेली ओळ ओळखायला त्याच शेतमालाच्या त्या दिवसाच्या मध्यकाशी गुणोत्तर काढा. ते ०.०१ च्या आसपास आलं तर कारण उघड आहे.

नावांसाठी वेगळा तक्ता ठेवावाच लागतो. ॲगमार्कनेटमध्ये लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) हे वेगवेगळे बाजार आहेत. पुण्याचंही तसंच: पुणे, खडकी, मोशी, पिंपरी, मांजरी. ‘लासलगाव’ शब्द असलेलं सगळं एकत्र असा फिल्टर लावला तर तीन बाजारांची खिचडी होते. जिल्ह्यांची नावं बदलली आहेत: २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव, त्यानंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. जुना आणि नवा डेटा नावावर जोडला तर एका जिल्ह्याच्या दोन रेषा दिसतात. नावाऐवजी पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा सांकेतांक वापरा. महाराष्ट्राचा राज्य सांकेतांक २७ आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा आहे. नाव बदललं तरी जोडणी त्याच सांकेतांकावर टिकते. शेतमालाची मराठी नावंही याच तक्त्यात ठेवा. अहवाल वाचणाऱ्या संचालकाला ‘बंगाल ग्रॅम’ नको असतो, हरभरा हवा असतो.

सर्व्हिसवर चढवल्यावर

डेस्कटॉपवर उत्तम चालणारी फाइल प्रकाशित केली की अडते, ती बहुतेक पत्त्यामुळे. पत्ता ‘ॲम्परसँड’ने तुकडे जोडून तयार केला असेल, त्यातही फंक्शनच्या आत, तर सर्व्हिसला चालवण्याआधी कळत नाही की डेटा कुठून येणार. मग ती डायनॅमिक डेटा सोर्स म्हणून रिफ्रेश, म्हणजे डेटा नव्याने ओढणं, नाकारते. वर सांगितलेली रचना, स्थिर मूळ पत्ता आणि बाकी पर्यायांत, हाच यावरचा उपाय. प्रकाशित करण्याआधीची तपासणी सोपी आहे: डेस्कटॉपमध्ये ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’ उघडा. हाताने लिहिलेल्या क्वेऱ्यांमुळे काही स्रोत यादीत नसतील असा इशारा तिथे दिसला तर सर्व्हिसवर अडणार हे नक्की.

ओळखपत्र सर्व्हिसवर पुन्हा भरावं लागतं. त्या वेळी सर्व्हिस फक्त मूळ पत्त्याला हाक मारून पाहते आणि नुसत्या मूळ पत्त्यावर उपयोगाचं काही नसलं की जोडणी नापास ठरवते. ‘स्किप टेस्ट कनेक्शन’वर खूण करा. एपीआय सार्वजनिक इंटरनेटवर असल्याने गेटवे, म्हणजे सर्व्हिसला कार्यालयातल्या संगणकाशी जोडणारा दुवा, लागत नाही. पण त्याच फाइलमध्ये कार्यालयातल्या संगणकावरची खरेदीची एक्सेल जोडली की गेटवे लागतो. शिवाय ‘फॉर्म्युला फायरवॉल’ची चूक येऊ शकते: एक क्वेरी दुसऱ्या क्वेरीकडून मूल्य घेऊन थेट स्रोताकडे जात आहे असा तिचा आशय असतो. पुष्कळ जण गोपनीयतेच्या पातळ्या दुर्लक्षित करण्याची खूण करून मोकळे होतात. डेस्कटॉपवर ती चूक जाते, पण आतल्या फाइलमधली माहिती बाहेरच्या पत्त्यात जाऊ नये म्हणून असलेलं संरक्षणही जातं. एपीआयला ‘पब्लिक’ आणि एक्सेलला ‘ऑर्गनायझेशनल’ पातळी देऊन, मागणी करणारी क्वेरी एक्सेलवर अवलंबून राहणार नाही अशी मांडा आणि दोन्ही तक्ते नंतर मॉडेलमध्ये (अहवालामागच्या तक्त्यांच्या रचनेत) नात्याने जोडा.

प्रो परवान्यावर दिवसाला ८ वेळा रिफ्रेश ठरवता येतो, प्रीमियमवर ४८ वेळा. या कामाला तीन-चार पुरतात. सकाळी ओढलेल्या डेटात मोजकेच बाजार असतात, म्हणून दुपार, संध्याकाळ आणि रात्री उशिरा असे ठेवा. ठरवलेल्या मिनिटालाच काम सुरू होईल याची हमी नाही, थोडा उशीर धरून चाला. सलग चार वेळा रिफ्रेश फसला की वेळापत्रक आपोआप बंद होतं, आणि दोन महिने अहवाल कोणीच उघडला नाही तरीही थांबतं. चूक झाल्याचा ईमेल ज्याच्या नावावर मॉडेल आहे त्याला जातो. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली असेल तर कोणालाच कळत नाही. सूचनांच्या यादीत दुसरा पत्ता घालण्याची सोय आहे, ती वापरा.

वेळेचा घोळही इथलाच. सर्व्हिसवर ‘डेटटाइम डॉट लोकल नाऊ’ भारतीय वेळ देत नाही, जागतिक वेळ देतं. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ म्हणजे काल. जागतिक वेळ घेऊन ‘स्विच झोन’ने ५ तास ३० मिनिटं द्या.

सर्व्हर अधूनमधून उत्तर देत नाही, हे कुठल्याही सरकारी वा खासगी एपीआयबाबत गृहीत धरावं. कनेक्टर ४०८, ४२९, ५०३, ५०४ आणि ५०९ या स्थितींवर (सर्व्हर उत्तर देऊ शकत नसल्याचे संकेतांक) वाट पाहत तीनदा स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ही चांगली सोय आहे. वाट पाहण्याची मुदत मुळात १०० सेकंद असते, ‘टाइमआउट’ पर्यायाने ती वाढवता येते. ४०३ आला तर कीचं नाव किंवा की चुकली आहे. ‘मॅन्युअल स्टेटस हँडलिंग’मध्ये ४००, ४०३, ५०० असे आकडे दिले की चूक फेकली जात नाही. मग उत्तराच्या मेटाडेटातून स्थिती वाचून स्वतः निर्णय घेता येतो. पण तो पर्याय लावून पुढे काहीच न तपासणं घातक आहे: बिघाडाच्या दिवशी रिकामा तक्ता ‘यशस्वी’ म्हणून भरला जातो आणि अहवालात बाजार बंद असल्यासारखं दिसतं. स्थिती २०० (यशस्वी) नसेल किंवा जेसनमधली स्थिती ‘ओके’ नसेल तर मुद्दाम ‘एरर’ उभी करा. जुना डेटा टिकून राहणं रिकाम्या तक्त्यापेक्षा बरं.

इतिहास कुठे ठेवायचा

पॉवर बीआयचा इन्क्रिमेंटल (फक्त नवा भाग ओढणारा) रिफ्रेश प्रोवरही चालतो, म्हणून रोजचा दिवस नवा विभाग आणि जुने विभाग तसेच, अशी मांडणी मोहात पाडते. चालू दिवसाच्या संचासाठी ती करू नका. एक दिवस रिफ्रेश चुकला तर तो दिवस या संचातून पुन्हा मिळत नाही. विभागांच्या सीमा मुळात जागतिक वेळेने पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेस्कटॉपमधून तीच फाइल पुन्हा प्रकाशित केली, समजा एका आलेखाचा रंग बदलायला, की सर्व्हिसवर साठलेले सगळे विभाग जातात. वर्षभराचा डेटा एका क्लिकवर जाऊ शकतो अशा जागी तो ठेवायचा नसतो.

त्यापेक्षा दहा-पंधरा ओळींची पायथन स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्युलरवर किंवा सर्व्हरच्या क्रॉनवर (दोन्ही ठरलेल्या वेळी काम चालवतात) लावा. ती दिवसातून तीनदा जेसन ओढेल आणि वर्ष-महिना-दिवस अशा नावाची एक फाइल शेअरपॉइंटच्या फोल्डरमध्ये लिहील. नंतरची फेरी त्याच दिवसाची फाइल बदलेल, पण नव्या फाइलमधल्या नोंदी जुन्यापेक्षा कमी असतील तर बदलणार नाही, एवढी अट घाला. पॉवर बीआय मग शेअरपॉइंट फोल्डर कनेक्टरने सगळ्या फाइली एकत्र करतं, गेटवेशिवाय. मूळ जेसन जसंच्या तसं ठेवलेलं असल्याने उद्या स्तंभाचं नाव बदललं तरी जुनं पुन्हा वाचता येतं. ज्यांच्याकडे पोस्टग्रेस किंवा तत्सम डेटाबेस आधीच आहे त्यांनी फाइलऐवजी तिथेच लिहावं.

मग वेब कनेक्टरला काय उरलं? आजचे भाव थेट दाखवणं, जुन्या तारखांच्या संचातून एकदा भरणा करणं, आणि ज्या संचांत इतिहास स्रोताकडेच जपलेला आहे ते सगळे. एपीआयवर मिळणारे सरकारी संच पुष्कळसे वार्षिक किंवा मासिक असतात. त्यांना स्क्रिप्टची गरजच नाही, कनेक्टर एकटा पुरतो.

इतर साधनांशी तुलना

एक्सेलमध्ये हेच पॉवर क्वेरी इंजिन आहे आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं तसंच चालतं. फक्त फाइल उघडी असलेला संगणक लागतो. एकच माणूस अहवाल पाहणार असेल तर एक्सेल पुरे. गूगल शीट्समध्ये ‘इम्पोर्ट डेटा’ हे सूत्र सीएसव्ही स्वरूप थेट ओढतं, पण की सूत्रात उघडी राहते आणि पानं उलटायची सोय नाही. त्यावर लुकर स्टुडिओ हे गूगलचं अहवाल-साधन बसवणाऱ्यांनी ॲप्स स्क्रिप्ट (शीट्ससोबत चालणारी गूगलची स्क्रिप्ट) लिहिलेली बरी, एका वेळी ६ मिनिटं चालण्याची तिची मर्यादा या कामाला पुरते. मेटाबेस आणि सुपरसेट ही अहवालाची चांगली साधनं आहेत, पण दोन्हींना डेटाबेस लागतो, एपीआय ती स्वतः वाचत नाहीत. स्क्रिप्ट आणि पोस्टग्रेसची वाट धरलेल्या संस्थेने मात्र त्यांचा जरूर विचार करावा.

खर्चाचं म्हणाल तर डेस्कटॉप मोफत, पण अहवाल इतरांना सर्व्हिसवरून दाखवायचा तर बनवणारा आणि पाहणारा दोघांनाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा जाहीर दर माणशी महिना १४ डॉलर आहे. दहा संचालकांच्या शेतकरी कंपनीला हा खर्च जाणवतो. अशा ठिकाणी एकच प्रो परवाना घ्यावा आणि सदस्यांना रोज संध्याकाळी अहवालाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवावी. पीडीएफच्या पहिल्याच ओळीत भावांची तारीख, डेटा ओढल्याची वेळ आणि किती बाजारांची नोंद आली ते छापलेलं असू द्या.